एक्स-रे काढलात, आता तो वाचा

महाराष्ट्रातील माझ्या दंतवैद्य बंधू-भगिनींना,


पत्रास कारण की, आपल्या दवाखान्यांतली यंत्रं वाढली, पण त्या यंत्रांनी दाखवलेलं वाचायला आपण देतो तो वेळ काही वाढला नाही. आरव्हीजीचा (डिजिटल एक्स-रेचा) सेन्सर आज तालुक्याच्या गावातही दिसतो, ओपीजी (दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्स-रे) त्याच दिवशी हातात पडते, सीबीसीटीसाठीही (त्रिमितीय स्कॅनसाठीही) आता पूर्वीसारखं पुण्या-मुंबईकडे धावावं लागत नाही. याचा आनंदच आहे. मात्र जबड्याच्या हाडात एखादी काळी किंवा पांढरी सावली दिसली की पुढे जे घडतं, त्याबद्दल तुमच्याशी स्पष्ट बोलायचं आहे. मुखरोगनिदान आणि रेडिओलॉजी हा माझा विषय. अशी चित्रं रोज माझ्यासमोर येतात, आणि बऱ्याचदा दाताला भोक पडून गेल्यावर येतात.

पत्र खुलं ठेवलं आहे, कारण यातलं बरंचसं पेशंटनाही ठाऊक असायला हवं. मुळाच्या टोकाशी दिसणारा प्रत्येक काळा डाग म्हणजे पू नव्हे. जबड्यातली प्रत्येक गाठ म्हणजे कॅन्सर नव्हे. आणि कॅन्सर नाही म्हणून निर्धास्त राहावं, असंही नव्हे. या तिन्ही बाबतींत आपल्याकडून चुका होतात. एकेक करून सांगते.

पहिली तक्रार खालच्या पुढच्या दातांची.

चाळिशी ओलांडलेल्या एक बाई दाढ दुखते म्हणून दवाखान्यात गेल्या. ओपीजी काढली. दाढेचं जे व्हायचं ते झालं, पण खालच्या पुढच्या दातांच्या टोकांशी दोन-तीन गोल काळे डाग दिसले. ‘आत पू आहे’ असं सांगून चार दातांची रूट कॅनाल झाली. पुढे तपासणीसाठी पुन्हा एक्स-रे काढला तर डाग जिथल्या तिथे, उलट मधोमध पांढरे ठिपके उमटलेले. आता त्यांना ‘गाठ आहे, ऑपरेशन लागेल’ असं सांगण्यात आलं. फाइल घेऊन त्या माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांचा एकच प्रश्न होता: ‘डॉक्टर, कॅन्सर तर नाही ना?’

मी जुना एक्स-रे पडद्यावर मोठा करून पाहिला. त्या चारही दातांना कीड नव्हती, मोठं फिलिंग नव्हतं, तडा नव्हता, रंग बदललेला नव्हता. नस मरायला काही तरी कारण लागतं. इथे एकही नव्हतं. शेजारच्या, रूट कॅनालमधून वाचलेल्या सुळ्याच्या टोकाशीही तसाच एक लहानसा डाग होता. त्या सुळ्याला कोल्ड स्प्रेचा बोळा लावला. बाईंनी लगेच हात वर केला, आणि बोळा काढताच कळ थांबली. दात ठणठणीत जिवंत होता.

हा सीमेंटो-ऑसियस डिस्प्लेसिया. आपण सगळ्यांनी तो बीडीएसला वाचलेला आहे. मध्यमवयीन स्त्रियांमध्ये, खालच्या पुढच्या दातांच्या टोकांशी, दात जिवंत असताना तो दिसतो. सुरुवातीला हाडाची जागा तंतुमय पेशी घेतात, म्हणून चित्रात काळं दिसतं. मग त्यात हळूहळू खनिज साचतं आणि मधोमध पांढरं उमटतं. शेवटी सगळा गोळा पांढरा होतो आणि भोवती काळी बारीक किनार तेवढी उरते. पूर्वी यालाच सीमेंटोमा म्हणत. याला उपचार लागत नाही. बायोप्सीही सहसा लागत नाही. उलट त्या घट्ट, कमी रक्तपुरवठ्याच्या हाडात सुई-सुरी घातली तर जंतुसंसर्ग होऊन हाड सडण्याची भीती असते. जबड्याच्या तीन-चार भागांत पसरलेल्या प्रकारात तर विनाकारण दात काढणं किंवा इम्प्लांट बसवणं म्हणजे नसतं दुखणं ओढवून घेणं.

चार निरोगी दातांच्या नसा गेल्या, याचं दुःख आहेच. पण त्याहून वाईट गोष्ट अशी की निदानाचा सर्वांत भक्कम पुरावा, म्हणजे दाताचा जिवंतपणा, उपचारानेच नष्ट केला. रूट कॅनाल झालेल्या दातावर ही चाचणी पुन्हा करता येत नाही. म्हणून पहिली विनंती: ड्रिल हातात घेण्याआधी थंड चाचणी करा, शंका आली तर इलेक्ट्रिक पल्प टेस्टर लावा, शेजारच्या आणि समोरच्या बाजूच्या दातांशी ताडून पाहा आणि निकाल केस पेपरवर लिहा. खर्च जवळजवळ शून्य.

दुसरी तक्रार, एकाच चित्रावर निकाल देण्याची.

ओपीजी हा दोन्ही जबड्यांचा आढावा आहे. त्यात ठरावीक पट्ट्यातलं तेवढं स्पष्ट दिसतं. पुढच्या दातांच्या भागात तो पट्टा अरुंद असतो, शिवाय मानेच्या मणक्यांची सावली नेमकी तिथेच येऊन पडते. तरीही पुढच्या दातांचे निर्णय केवळ ओपीजीवर होतात. त्या भागाचा साधा आयओपीए, म्हणजे मोजक्या दातांचा जवळून घेतलेला एक्स-रे, काढला तर मुळाभोवतीची बारीक काळी रेष आणि तिच्या बाहेरची पांढरी रेष, म्हणजे लॅमिना ड्युरा, अखंड आहे का हे दिसतं. अर्थात आयओपीएलाही मर्यादा आहेत. बेंडर आणि सेल्ट्झर यांनी १९६१ मध्ये दाखवून दिलं की आतल्या जाळीदार हाडात पोकळी झाली तरी बाहेरच्या कठीण थराला धक्का लागेपर्यंत ती चित्रात दिसेलच असं नाही. म्हणजे चित्रात काही नाही म्हणून रोग नाही असं नव्हे, आणि चित्रात काळं आहे म्हणून रोग आहे असंही नव्हे.

खालच्या दुसऱ्या उपदाढेच्या टोकाशी दिसणारा काळा ठिपका कित्येकदा मेंटल फोरामेन असतो, म्हणजे नस बाहेर पडण्याचं निसर्गानेच ठेवलेलं छिद्र. ट्यूबचा कोन थोडा पुढे-मागे सरकवून दुसरा आयओपीए काढा. छिद्र असेल तर ठिपका मुळापासून बाजूला सरकतो; मुळालाच चिकटलेला आजार असेल तर टोक सोडत नाही. ही युक्ती एका शतकाहून जुनी आहे. आपल्या परीक्षेत ती हमखास विचारतात आणि दवाखान्यात हमखास विसरतात.

खालच्या जबड्याच्या कोपऱ्याजवळ, नसेच्या नळीच्या खाली, पांढऱ्या कडेचा लांबट गोल काळा भाग दिसला की ‘सिस्ट’ असा शिक्का मारून मोकळं व्हायची घाईही थांबवा. एडवर्ड स्टाफ्ने यांनी १९४२ मध्ये अशा ३५ पोकळ्या नोंदवल्या. ती हाडाला आतल्या बाजूने पडलेली खोबण असते, बहुधा लाळग्रंथीचा भाग तिथे विसावलेला असतो आणि बहुतेक पेशंट मध्यमवयीन पुरुष असतात. दाताशी संबंधित गाठी सहसा नळीच्या वर असतात. ही खाली असते. एवढी एक खूण ध्यानात ठेवली तरी एक ऑपरेशन टळू शकतं.

तिसरी तक्रार आपल्या तोंडून बाहेर पडणाऱ्या शब्दांची.

आपल्या राज्यात तंबाखू आणि मिश्री घराघरात आहे. तोंडाच्या कॅन्सरने दगावलेला माणूस बहुतेकांच्या नात्यात किंवा गल्लीत सापडतो. अशा पेशंटला खुर्चीवर झोपवून, स्क्रीनकडे बोट दाखवून, ‘इथे काहीतरी आहे बघा’ एवढंच म्हणून गप्प बसणं हा अन्याय आहे. खालच्या दाढेच्या मुळाशी नुसता पांढरा, घट्ट ठिपका असेल, दात जिवंत असेल, भोवती काळी किनार नसेल, तर तो बहुधा हाडाचाच दाट भाग असतो. इडिओपॅथिक ऑस्टिओस्क्लेरोसिस असं त्याचं लांबलचक नाव. त्याला काहीही करावं लागत नाही. तसाच पांढरेपणा किडलेल्या, नस मेलेल्या दाताच्या मुळाशी असेल तर तो कंडेन्सिंग ऑस्टायटिस. तिथे दाताचा उपचार करायचा, हाडाचा नाही. टाळूच्या मधोमध किंवा खालच्या दातांच्या आतल्या बाजूला हाताला लागणारे हाडाचे उंचवटेही बहुतेकांना निरुपद्रवी असतात. हे पेशंटला दोन वाक्यांत सांगता येतं. ती दोन वाक्यं न मिळाल्यामुळे माणसं रात्र-रात्र जागतात आणि गूगलवर नको ते वाचत बसतात.

चौथी तक्रार बरोबर उलट्या टोकाची, आणि ती जास्त गंभीर आहे.

‘कॅन्सर नाही ना, मग बघू पुढे’ म्हणून सोडलेली प्रकरणंही माझ्याकडे येतात. अमेलोब्लास्टोमा हा कॅन्सर नाही, पण तो हाड पोखरत जातो, मुळं झिजवतो, जबडा बाहेर फुगवतो, आणि चित्रात दिसणाऱ्या कडेच्या पलीकडे हाडाच्या जाळीत शिरलेला असतो. नुसता खरवडून काढला तर पुन्हा उद्भवण्याचं प्रमाण मोठं असतं. म्हणूनच सर्जन दिसणाऱ्या कडेच्या पुढे एक-दोन सेंटिमीटर हाड घेतात. ओडोंटोजेनिक केराटोसिस्ट जबडा फारसा न फुगवता लांबवर पसरतो, म्हणून चेहऱ्यावर काही दिसत नाही आणि ओपीजीत अक्कलदाढेपासून वरच्या फांदीपर्यंत काळं दिसतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये त्याला ट्यूमर म्हटलं आणि २०१७ मध्ये पुन्हा सिस्टच्या यादीत घेतलं. पण यादी बदलली म्हणून त्याची परत उगवण्याची खोड गेली नाही. ऑपरेशननंतर वर्षानुवर्षं एक्स-रे काढून लक्ष ठेवावं लागतं. पेशंटला हे कुणी सांगतच नाही.

इथे तीन मागण्या आहेत.

एक, हाडातली पोकळी उघडण्याआधी जाड सुईने आतलं ओढून पाहा. पिवळसर पाणी आलं तर सिस्टकडे बोट. घट्ट, चीजसारखं काही आलं तर केराटोसिस्टचा संशय. तरुण पेशंटमध्ये, दात जिवंत असताना, काहीच आलं नाही किंवा थोडंसं पाणी आलं तर सिंपल बोन सिस्ट असू शकतो. त्यात काढायला अस्तरच नसतं. आणि लालभडक रक्त जोराने आलं तर थांबा, पेशंटला मोठ्या रुग्णालयात पाठवा. जबड्यातल्या रक्तवाहिन्यांच्या विकृतीवर दात काढला तर रक्तस्राव जिवावर बेतू शकतो.

दोन, काढलेली सिस्टची पिशवी कचऱ्याच्या बादलीत टाकू नका. दाताबरोबर निघालेला मांसाचा तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत घालून तपासणीला पाठवा. एक्स-रेवर एकमेकांसारख्या दिसणाऱ्या तीन-चार आजारांतला फरक मायक्रोस्कोपखालीच कळतो. ‘साधी सिस्टच होती’ हे वाक्य पॅथॉलॉजिस्टच्या सहीशिवाय मी मानत नाही, तुम्हीही मानू नका.

तीन, जबड्यापलीकडे पाहा. जायंट सेल लीजन असा रिपोर्ट आला की रक्तातलं कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड हार्मोन तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. मूळ दुखणं गळ्यातल्या ग्रंथीत असू शकतं. एकाच पेशंटच्या जबड्यात अनेक ऑस्टिओमा (हाडाच्या गाठी) आणि जास्तीचे, अडकलेले दात दिसले तर आतड्यांची तपासणी करायला सांगा. गार्डनर सिंड्रोममध्ये आतड्यात असंख्य पॉलिप असतात आणि वेळीच उपचार झाले नाहीत तर त्यांचा कॅन्सर होणं जवळपास अटळ असतं. दंतवैद्याच्या एका ओपीजीने असा माणूस वाचू शकतो, ही आपल्या पेशाची ताकद आहे. ती वापरा.

पाचवी तक्रार सीबीसीटीची.

त्रिमितीय चित्र म्हणजे अंतिम सत्य, असा समज पसरला आहे. सीबीसीटी हाडाचा आकार, कडा, नसेपासूनचं अंतर, बाहेरच्या थराची झीज हे उत्तम दाखवतं. पण आत पाणी आहे की मांस, हे ते नीट सांगू शकत नाही. त्यातले करडे आकडे मेडिकल सीटीइतके भरवशाचे नसतात. शिवाय पाच बाय पाच सेंटिमीटरचं क्षेत्र निवडून गाठीचा अर्धा भागच चित्रात घेतलेला स्कॅन माझ्याकडे वाचायला आला, तर मी काय वाचणार? आणि मोठं क्षेत्र घेतलंत, तर त्यात जे-जे आलं ते सगळं वाचण्याची जबाबदारीही घ्या. इम्प्लांटच्या जागेपुरतं पाहून सायनसमधला गोळा सोडून देऊ नका.

डोसचंही भान हवं. निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २,४०० मायक्रोसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतोच. आयओपीएचा डोस काही मायक्रोसिव्हर्ट एवढा किरकोळ असतो, ओपीजीचाही फार नसतो. सीबीसीटीचा डोस मात्र यंत्र आणि क्षेत्र यांनुसार शेकड्यांत जाऊ शकतो. भीतीचं कारण नाही. पण ज्या प्रश्नाचं उत्तर एका थंड बोळ्याने मिळतं, त्यासाठी स्कॅन लिहिणं समर्थनीय नाही. लहान मुलांच्या बाबतीत तर नाहीच.

सहावी तक्रार लहान वाटेल, पण रोजची आहे: चिठ्ठी.

‘ओपीजी प्लीज’. बस, एवढंच. पेशंटचं वय नाही, दुखतंय का नाही, सूज किती दिवसांची, दात जिवंत आहे की नाही, आधी काय उपचार झाले, काही नाही. त्याहून कडी म्हणजे ट्यूबलाइटवर धरलेल्या फिल्मचा मोबाइलने काढलेला, अंगठा आडवा आलेला, वाकडा फोटो व्हॉट्सअॅपवर येतो आणि खाली प्रश्न: ‘काय वाटतं?’ मूळ डायकॉम फाइल पाठवा, दोन ओळी माहिती लिहा, आणि पेशंटचा जुना एक्स-रे मागून घ्या. पाच वर्षांपूर्वीच्या चित्रात तोच डाग तेवढाच असेल, तर निम्मं निदान तिथेच झालं. वाढलेला असेल, तर तेही तिथेच कळलं. म्हणूनच एक्स-रेची प्रत पेशंटला दिलीच पाहिजे. तो त्याच्या हाडाचा इतिहास आहे, दवाखान्याची मालमत्ता नव्हे.

आमच्या शाखेच्या लोकांनाही इथेच बजावते. खालच्या पुढच्या जिवंत दातांच्या टोकाशी मिश्र सावली असताना ‘क्लिनिकली कोरिलेट’ असं लिहून खाली आठ आजारांची यादी देणं म्हणजे रिपोर्ट नव्हे, पळवाट आहे. कोणता आजार सर्वांत संभवनीय, का, आणि आता काय करावं किंवा करू नये, हे स्पष्ट लिहिलं पाहिजे. ‘उपचाराची गरज नाही, एका वर्षाने पुन्हा एक्स-रे’ हे वाक्य लिहायला धैर्य लागतं, पण त्यासाठीच आपली नेमणूक आहे.

दंत महाविद्यालयांना आणि नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला एक विनंती. विद्यार्थ्याला फिल्म कशी धरायची हे आपण शिकवतो, किती आयओपीए काढले याचा कोटा ठेवतो. तसाच कोटा वाचलेल्या, लेखी वर्णन केलेल्या चित्रांचा ठेवा. जागा, कड, आतला पोत, दाताशी नातं, शेजारच्या हाडावर परिणाम, या क्रमाने लिहिलेलं वर्णन इंटर्नशिप संपेपर्यंत हाताच्या सवयीचं झालं पाहिजे. एक्स-रे यंत्राची नोंद आपण अणुऊर्जा नियामक मंडळाकडे करतो. त्या यंत्राने काढलेलं चित्र कुणी, केव्हा वाचलं आणि काय वाचलं, याची नोंद मात्र बऱ्याच केस पेपरवर सापडत नाही. हे बदलायला कायदा लागत नाही, एक ओळ लागते.

पेशंटनो, तुमच्यासाठीही थोडं. दुखत नसलेल्या, न किडलेल्या दाताची रूट कॅनाल सुचवली, तर ‘हा दात जिवंत आहे का, तपासलंत का?’ असं नम्रपणे विचारा. चांगला डॉक्टर या प्रश्नाने चिडत नाही. एक्स-रेची प्रत मागा, जपून ठेवा. रूट कॅनाल झाल्यावर वर्षाने तरी पुन्हा एक्स-रे काढून घ्या. डाग कमी झाला नसेल तर कारण विचारा. आणि ‘लक्ष ठेवू’ असं सांगितलं असेल तर लक्ष ठेवायला खरंच परत या. फुगत जाणारा जबडा, हलू लागलेले दात, ओठाला आलेला बधिरपणा यांपैकी काहीही असेल तर मात्र दिवस घालवू नका.

मित्रहो, १८९६ च्या जानेवारीत ऑटो वॉकहॉफ यांनी जर्मनीत स्वतःच्या दातांचा पहिला एक्स-रे काढला, तेव्हा त्यांना २५ मिनिटं प्लेट तोंडात धरून स्वस्थ पडून राहावं लागलं. आज चित्र क्षणात पडद्यावर येतं. वाचलेल्या त्या वेळातली पाच मिनिटं चित्र वाचायला द्या. दाताला थंड लावा, दुसऱ्या कोनातून आयओपीए काढा, जुना एक्स-रे मागा, शंका असेल तर विचारा. एवढं केल्यावरही ड्रिल उचलावंसं वाटलं, तर खुशाल उचला. त्याआधी मात्र नाही.



आपली सहव्यवसायी,
एक ओरल रेडिओलॉजिस्ट